पॉवर बीआय रिपोर्टमध्ये शब्दशोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉवर बीआय (डेटावरून तक्ते आणि आलेख दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या ज्यांच्या रिपोर्टमध्ये ग्राहकांची नावं, गावं, मालाचे कोड, व्हाउचरचे तपशील असा मजकूर आहे आणि वाचणाऱ्याला लांबलचक यादी सरकवत न बसता चार अक्षरं टाइप करून हवं ते गाठायचं आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. शोधाची चौकट पानावर बसवायला पाच मिनिटं पुरतात. ती बरोबर उत्तर देते की नाही, हे मात्र तिच्यामागच्या स्तंभावर ठरतं. म्हणून इथे चौकटीपेक्षा स्तंभाबद्दल जास्त लिहिलं आहे. मेनूंची नावं पॉवर बीआय डेस्कटॉपच्या, म्हणजे रिपोर्ट बनवायच्या प्रोग्रामच्या, इंग्रजी आवृत्तीत जशी दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

## शोधासाठी नेमके पर्याय कोणते आणि त्यातला कोणता घ्यावा?

चार पर्याय रोजच्या वापरात आहेत. साध्या स्लायसरमधली (पानावरच्या निवडयादीतली) शोधाची ओळ, ॲपसोर्सवरून (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानातून) घ्यायचं मायक्रोसॉफ्टचं टेक्स्ट फिल्टर व्हिज्युअल (तक्ता, आलेख, कार्ड असा पानावरचा कोणताही घटक म्हणजे व्हिज्युअल), पॉवर बीआयमध्येच आलेला इनपुट स्लायसर आणि उजवीकडच्या फिल्टर पेनमधलं ॲडव्हान्स्ड फिल्टरिंग.

वाचणाऱ्याला एक-दोन ठरावीक ग्राहक निवडायचे असतील तर स्लायसर पुरेसा आहे. ‘ज्यांच्या नावात ट्रेडर्स आहे ते सगळे’ असा प्रश्न असेल तर टेक्स्ट फिल्टर किंवा इनपुट स्लायसर घ्या. फिल्टर पेन रिपोर्ट बनवणाऱ्यासाठी आणि सरावलेल्या वापरकर्त्यासाठी ठीक आहे. शाखेतल्या किंवा दुकानातल्या माणसाने ते उघडून अटी लिहाव्यात ही अपेक्षा चुकीची आहे.

## स्लायसरमध्ये शोधाची ओळ कशी आणायची?

स्लायसर निवडा, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर, म्हणजे मोअर ऑप्शन्सवर क्लिक करा आणि सर्च निवडा. यादीच्या वर भिंगाचं चिन्ह असलेली ओळ येते. यादी आणि ड्रॉपडाउन, दोन्ही प्रकारांत ती चालते. नावं पन्नासच्या पुढे गेली की ड्रॉपडाउनमध्ये ही ओळ चालू ठेवलेलीच बरी.

## शब्द टाइप केला, स्लायसरमधली नावं कमी झाली, पण तक्ता आणि आलेख होते तसेच आहेत. का?

कारण स्लायसरमधली शोधाची ओळ फक्त यादी गाळते, डेटा गाळत नाही. खाली दिसणाऱ्या नावांपैकी एखाद्यावर टिचकी मारली की मगच फिल्टर लागतो. एकाहून जास्त नावं हवी असतील तर कंट्रोल दाबून ती निवडावी लागतात.

याचा एक परिणाम पुढे जाणवतो. यादीतून निवडलेली नावं म्हणजे त्या दिवशी असलेली नावं. महिन्याभराने त्याच नावासारखा नवा ग्राहक नोंदला गेला आणि रिपोर्ट रिफ्रेश झाला, तर तो जुन्या निवडीत आपोआप येत नाही. ‘नावात हा शब्द आहे’ अशी अट लावणाऱ्या टेक्स्ट फिल्टरमध्ये तो येतो. दर महिन्याला तोच रिपोर्ट काढणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर बेरीज चुकते आणि चूक कुठे झाली ते दिसतही नाही.

## टेक्स्ट फिल्टर व्हिज्युअल कसं बसवायचं?

व्हिज्युअलायझेशन्स पेनमधल्या तीन टिंबांवर क्लिक करा, गेट मोअर व्हिज्युअल्स निवडा, टेक्स्ट फिल्टर शोधा आणि मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेलंच जोडा. सारख्या नावाची इतरही व्हिज्युअल्स तिथे असतात. यासाठी कंपनीच्या खात्याने साइन इन असावं लागतं. बटण दिसत नसेल किंवा जोडताना नकार येत असेल, तर तुमच्या संस्थेच्या पॉवर बीआय ॲडमिनने बाहेरची व्हिज्युअल्स बंद ठेवलेली असतात किंवा फक्त प्रमाणित व्हिज्युअल्सना परवानगी दिलेली असते. ही परवानगी ॲडमिनकडूनच मिळते, डेस्कटॉपमध्ये काही बदलून उपयोग नाही.

जोडल्यावर ते पानावर ठेवा आणि त्याच्या फील्डमध्ये एक मजकूर प्रकारचा स्तंभ ओढा. शब्द लिहून एंटर दाबला किंवा भिंगावर क्लिक केलं की पानावरच्या सगळ्या व्हिज्युअल्सना ‘या स्तंभात हा मजकूर आहे’ अशी अट लागते. खोडरबराच्या चिन्हाने ती निघते. प्रत्येक अक्षराला फिल्टर बदलत नाही, एंटरनंतरच बदलतो. मोठ्या मॉडेलवर, म्हणजे रिपोर्टमागच्या टेबलांच्या मोठ्या संचावर, हा फायदाच आहे.

वापरकर्त्यांची इथली सर्वात नेहमीची चूक म्हणजे चौकटीतला शब्द हाताने पुसायचा, पण एंटर दाबायचा नाही. चौकट रिकामी दिसते आणि जुना फिल्टर तसाच राहतो. चौकटीशेजारी ‘शब्द लिहून एंटर दाबा, काढण्यासाठी खोडरबर वापरा’ अशी एक ओळ लिहून ठेवा.

एखाद्या आलेखावर हा शोध लागू नये असं वाटत असेल (उदाहरणार्थ, एकूण विक्रीचं कार्ड कायम पूर्ण कंपनीचं दिसावं), तर शोधाचं व्हिज्युअल निवडून फॉरमॅट टॅबमधलं एडिट इंटरॅक्शन्स चालू करा आणि त्या कार्डावरचं ‘नन’ हे चिन्ह दाबा.

## इनपुट स्लायसर वेगळा कशात आहे?

तो २०२४च्या अखेरीस टेक्स्ट स्लायसर या नावाने पूर्वावलोकनात आला, पुढे त्याचं नाव बदललं. तो पॉवर बीआयचाच भाग असल्याने ॲपसोर्सची परवानगी लागत नाही, आणि एकापेक्षा जास्त शब्द देता येतात. ‘यापैकी कोणताही शब्द असलेले’, ‘सर्व शब्द असलेले’, ‘या अक्षरांनी सुरू होणारे’, ‘हा शब्द नसलेले’ अशा अटीही ठरवता येतात. डेस्कटॉपची आवृत्ती जुनी असेल तर तो दिसणार नाही. मधल्या आवृत्त्यांमध्ये तो फाइल, ऑप्शन्स, प्रीव्ह्यू फीचर्स इथून चालू करावा लागत असे. नव्याने रिपोर्ट बांधत असाल तर आधी हाच वापरून पाहा.

## फिल्टर पेनमधून शोध कसा लावायचा?

स्तंभ फिल्टर पेनमध्ये ओढा: एका व्हिज्युअलपुरता, पानापुरता किंवा सर्व पानांसाठी. फिल्टर टाइपमध्ये ॲडव्हान्स्ड फिल्टरिंग निवडा. ‘कन्टेन्स’, ‘डज नॉट कन्टेन’, ‘स्टार्ट्स विथ’, ‘इज ब्लँक’ अशा अटी मिळतात. दोनच अटी लिहिता येतात, त्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’ने जोडायच्या, मग अप्लाय फिल्टर. तिसरी अट हवी असेल तर तोच स्तंभ वेगळ्या पातळीवर लावा, म्हणजे पानावर दोन अटी आणि व्हिज्युअलवर तिसरी. अशा पातळ्या एकमेकांशी ‘अँड’नेच जोडल्या जातात.

## शोधासाठी स्तंभ कोणत्या टेबलातला घ्यायचा?

शक्यतो मास्टर टेबलातला, म्हणजे प्रत्येक ग्राहकाची एकच ओळ असलेल्या टेबलातला. ग्राहकाचं नाव विक्रीच्या टेबलातही असतं आणि ग्राहक मास्टरमध्येही असतं. विक्रीच्या टेबलातला स्तंभ घेतला तर शोध विक्रीवर चालतो, पण वसुलीचं टेबल तसंच राहतं, कारण फिल्टर एका व्यवहाराच्या टेबलातून दुसऱ्यात जात नाही. मास्टरमधून तो दोन्हीकडे उतरतो, कारण दोन टेबलांमधलं नातं (सामाईक स्तंभावरची जोडणी) एकाकडून अनेकांकडे आहे. विक्री पाटलांची आणि येणं सगळ्या गावाचं, अशी शंका आली की पहिल्यांदा हे तपासा. नातं दोन्ही दिशांनी चालू करून हा प्रश्न सोडवू नका. त्याने दुसरीकडच्या बेरजा बिघडतात.

व्हाउचरचा तपशील, बिलावरचा शेरा असा मजकूर मात्र व्यवहाराच्या टेबलातच असतो, तिथे इलाज नाही.

## एकाच चौकटीतून नाव, गाव, जीएसटी क्रमांक, मोबाइल, काहीही शोधता येईल का?

येतं, आणि बहुतेक रिपोर्टमध्ये हेच करावं. माणसाच्या हातात कधी बिल असतं, कधी फक्त मोबाइल नंबर असतो. चार चौकटी ठेवल्या तर तो चुकीच्या चौकटीत लिहितो.

ग्राहक मास्टरमध्ये एक शोधस्तंभ तयार करा. हे काम डॅक्सपेक्षा (पॉवर बीआयच्या सूत्रभाषेपेक्षा) पॉवर क्वेरीत (डेटा आणताना तो साफ करण्याच्या भागात) करणं सोयीचं:

१. जोडायचे सगळे स्तंभ टेक्स्ट प्रकारात बदला. मोबाइल आणि पिन कोड हे आकडे असले तरी त्यांची बेरीज कधीच करायची नसते.
२. ते स्तंभ निवडून ॲड कॉलम टॅबमधलं मर्ज कॉलम्स घ्या. ट्रान्सफॉर्म टॅबमधलं त्याच नावाचं बटण मूळ स्तंभ काढून टाकतं, म्हणून ते नको.
३. विभाजक म्हणून दोन्ही बाजूंना जागा सोडलेली उभी रेघ द्या. विभाजक नसेल तर एका स्तंभाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात चिकटून खोट्या जुळण्या होतात. पिन कोडचे शेवटचे आकडे आणि मोबाइलचे पहिले आकडे मिळून तिसराच क्रमांक तयार होतो.
४. स्तंभाला ‘शोध’ असं साधं नाव द्या आणि तोच टेक्स्ट फिल्टरला जोडा. तक्त्यात मात्र मूळ नाव दाखवा.

सूत्र हाताने लिहून स्तंभ ‘आणि’च्या चिन्हाने (&) जोडलेत तर एक खड्डा आहे. पॉवर क्वेरीत कोणताही एक भाग नल (न भरलेला) असेल तर पूर्ण जोडलेला मजकूर नल होतो. मोबाइल न भरलेले सगळे ग्राहक शोधातून गायब होतात. टेक्स्ट डॉट कम्बाइन हे फंक्शन नल सोडून बाकीचं जोडतं. मर्ज कॉलम्स बटण ॲड कॉलममधून वापरलं की तेच फंक्शन लिहिलं जातं.

आकाराचा विचार करा. पॉवर बीआय प्रत्येक स्तंभातल्या वेगवेगळ्या मूल्यांचा कोश बनवतं. शोधस्तंभात जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी असते, त्यामुळे तो आकसत नाही. २० हजार ग्राहकांच्या मास्टरमध्ये हे जाणवत नाही. ५० लाख ओळींच्या विक्रीच्या टेबलात असा स्तंभ जोडला तर फाइल फुगते आणि रिफ्रेश रेंगाळतो. एका मूल्यात सुमारे ३२ हजार अक्षरांची व्यवहार्य मर्यादाही आहे. नाव-पत्त्यांना ती पुरून उरते, पण ईमेलचा पूर्ण मजकूर किंवा तक्रारींचा इतिहास जोडायला गेलात तर तिथे अडकाल.

## क्रमांकांवर शोध का चालत नाही?

कारण स्तंभ संख्या प्रकारचा आहे. संख्येवर ‘मोठा’, ‘लहान’, ‘बरोबर’ अशा अटी मिळतात, ‘यात हे आकडे आहेत’ ही अट मिळत नाही. प्रकार टेक्स्ट करा, पण पॉवर क्वेरीतल्या अगदी पहिल्या ‘चेंज्ड टाइप’ पायरीत. तिथे एकदा संख्या झाली की पुढचं शून्य गेलं, आणि नंतर टेक्स्ट केल्याने ते परत येत नाही. दुधाचा एचएसएन कोड (जीएसटीत मालाचा वर्ग दाखवणारा क्रमांक) ०४०१ आहे, तो ४०१ होऊन बसतो. एक्सेलमध्येच शून्य गेलं असेल तर टेक्स्ट डॉट पॅडस्टार्टने ठरलेल्या लांबीपर्यंत शून्यं भरून घ्या.

एचएसएनसाठी ‘कन्टेन्स’ नको, ‘स्टार्ट्स विथ’ घ्या. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण, पुढचे दोन म्हणजे शीर्षक, अशी त्या कोडची बांधणी डावीकडून आहे. मधे कुठेतरी तेच आकडे आलेला कोड तुम्हाला नको असतो.

जीएसटी क्रमांकात उलट आहे. १५ अक्षरांपैकी पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. म्हणून ‘कन्टेन्स’ने पॅन शोधला की एकाच फर्मच्या सगळ्या राज्यांतल्या नोंदण्या एकत्र येतात. पुण्याच्या आणि मडगावच्या शाखेचं मिळून येणं किती, हे यातून पटकन कळतं.

## मराठीत लिहिलेली नावं डोळ्यांना दिसतात, पण शोधात सापडत नाहीत. काय बिघडलं?

इथे बहुतेक वेळा रिपोर्टचा दोष नसतो. एकच मराठी शब्द वेगवेगळ्या युनिकोड खुणांनी (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण क्रमांकांनी) लिहिता येतो, आणि शोध डोळ्याला दिसणारा आकार पाहत नाही, खुणा पाहतो. नेहमी भेटणारी कारणं अशी.

‘ॲ’ तीन प्रकारे साठवलेला असतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, ‘अ’ला चंद्र जोडून, किंवा ‘अ’ आणि चंद्र यांच्यामध्ये न दिसणारी जोडखूण घालून. ‘ॲग्रो’ नावाच्या फर्मा एका फाइलमध्ये तीन गटांत वाटल्या जातात त्या यामुळे. ‘ऑ’चंही तसंच, कुणी तो ‘आ’ला चंद्र लावून लिहिलेला असतो.

‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ऱ्य दोन प्रकारे येतो: ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच.

न दिसणाऱ्या खुणा हा वेगळा त्रास आहे. वेबसाइटवरून किंवा पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात जोडखूण (युनिकोड ८२०५), तोडखूण (८२०४), शून्य रुंदीची जागा (८२०३) आणि न तुटणारी जागा (१६०) शब्दांच्या मधे येऊन बसतात.

मग ऱ्हस्व-दीर्घ. ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुर’, ‘पाटील’ आणि ‘पाटिल’. शोधाला हे पूर्ण वेगळे शब्द आहेत. ‘पंढरपूर’मधलं अनुस्वार कुणी ‘ण्’ने लिहिलं तर तेही वेगळं. मराठी अंकांतलं साल इंग्रजी अंकांनी शोधलं तर सापडत नाही.

शेवटचं कारण सर्वात जुनं: डेटा युनिकोडमध्येच नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी पॉवर बीआयमध्ये रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता म्हणून येते. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच आणा. पॉवर क्वेरीत अक्षरं बदलत बसू नका, जोडाक्षरांचा क्रम तिथे नीट लागत नाही.

## मग मराठी शोधस्तंभ कसा तयार करावा?

एक गोष्ट आधी समजून घ्या. वापरकर्ता चौकटीत जे टाइप करतो ते तुम्ही दुरुस्त करू शकत नाही. ते जसंच्या तसं स्तंभाशी ताडलं जातं. म्हणून स्तंभ एकाच प्रमाण रूपात आणून भागत नाही. स्तंभात ‘ऱ’चा ‘र’ केलात आणि वापरकर्त्याने ‘ऱ’ टाइप केला, की काहीच सापडणार नाही. शोधस्तंभात एकाच नावाची सगळी संभाव्य रूपं उभ्या रेघांनी जोडून ठेवायची, ही खरी पद्धत.

पॉवर क्वेरीत याच क्रमाने जा. मूळ नाव जसं आहे तसं पहिलं रूप म्हणून ठेवा. त्यातून ८२०३, ८२०४, ८२०५ या खुणा काढा आणि १६०च्या जागी साधी जागा घाला. हे दुसरं रूप. खुणा सूत्रात थेट टाइप करता येत नाहीत, त्या कॅरेक्टर डॉट फ्रॉमनंबर या फंक्शनने देता येतात. या दुसऱ्या रूपात ‘अ’ अधिक चंद्र याचा ‘ॲ’ आणि ‘आ’ अधिक चंद्र याचा ‘ऑ’ करा. जोडखूण काढण्याआधी ही अदलाबदल केलीत तर ती मधे आडवी येते, म्हणून क्रम उलटू नका. तिसऱ्या रूपात सगळ्या दीर्घ वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व करा, चौथ्यात सगळे ऱ्हस्व दीर्घ करा. चारही रूपं टेक्स्ट डॉट कम्बाइनने जोडा.

जोडखूण फक्त शोधस्तंभातून काढा. तक्त्यात दिसणाऱ्या नावातून ती काढली तर ‘र’ आणि जोडखुणेने लिहिलेल्या ऱ्यचा रफार होतो आणि ग्राहकाचं नाव बिलावर वेगळं, रिपोर्टवर वेगळं दिसतं.

ही पद्धत प्रत्येक शब्द पकडत नाही. मास्टरमध्ये ‘विठ्ठलपुर’ आहे आणि कुणी ‘विठ्ठलपूर’ टाइप केलं, तर चारही रूपं चुकतात, कारण शब्दात एक मात्रा ऱ्हस्व आणि एक दीर्घ हवी आहे. यावर दोन उपाय आहेत: मास्टर दुरुस्त करा, आणि चौकटीच्या सूचनेत ‘नावाची पहिली तीन-चार अक्षरं पुरेत’ असं लिहा. ‘विठ्ठल’ टाइप केलं की तो सापडतोच.

तयार झाल्यावर ऑफिसच्या संगणकावरून आणि मोबाइलवरून, दोन्हीकडून टाइप करून पाहा. दोन कीबोर्ड एकच अक्षर वेगळ्या खुणांनी लिहू शकतात.

## नावं इंग्रजीत आहेत आणि लोक मराठीत शोधतात. काय करायचं?

पॉवर बीआय लिप्यंतर करत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून येणारे मास्टर बहुधा रोमन लिपीतच असतात, म्हणून एक्सेलमध्ये पर्यायी नावांचं छोटं टेबल ठेवा: पहिल्या स्तंभात ग्राहकाचा कोड, दुसऱ्यात त्याला ज्या ज्या नावांनी ओळखतात ती नावं. देशमुख, चौधरी, कुलकर्णी यांची रोमनमधली दोन-तीन स्पेलिंगंही तिथेच लिहा. हे टेबल कोडवर जोडून त्याची नावं शोधस्तंभात घ्या. सगळ्या ग्राहकांसाठी एकदम भरण्याची गरज नाही, सर्वात जास्त उलाढाल असलेल्यांपासून सुरुवात करा.

गावांसाठी याच टेबलाचा मोठा उपयोग होतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४मध्ये. जुन्या बिलांवर जुनी नावं आहेत आणि नव्या मास्टरमध्ये नवी. दोन्ही शोधस्तंभात असली की वर्षा-वर्षांची तुलना करताना निम्मी विक्री सुटत नाही.

## इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडतो का?

शोधात नाही, इम्पोर्ट मॉडेलमध्ये (डेटा रिपोर्टमध्ये उतरवून घेतलेला असतो तिथे) तरी नाही. तयारीत मात्र पडतो. पॉवर क्वेरी लहान-मोठी अक्षरं वेगळी मानते, मॉडेल एकच मानतं. त्यामुळे पॉवर क्वेरीत रिमूव्ह ड्युप्लिकेट्स करूनही एकच कोड दोन रूपांत उरतो आणि नातं जोडताना ‘मूल्यं पुन्हा आली आहेत’ अशी तक्रार येते. आधी टेक्स्ट डॉट अपर करा, मग ड्युप्लिकेट्स काढा. शब्दानंतरच्या मोकळ्या जागा मॉडेल स्वतः छाटतं, शब्दाआधीच्या छाटत नाही, म्हणून टेक्स्ट डॉट ट्रिमही लावा. डायरेक्टक्वेरीत (डेटा मूळ डेटाबेसमध्येच राहतो तिथे) हे सगळं त्या डेटाबेसच्या कोलेशनवर, म्हणजे अक्षरं ताडण्याच्या नियमांवर, अवलंबून असतं.

## ‘राम’ शोधलं की परशुराम आणि आराम हॉटेलही येतं. थांबवता येईल का?

‘कन्टेन्स’ला शब्दाची हद्द कळत नाही. नावाच्या सुरुवातीपासून शोध पुरेसा असेल तर ‘स्टार्ट्स विथ’ घ्या. मधल्या शब्दांची सुरुवातही पकडायची असेल तर वेगळं टेबल बांधा: ग्राहक कोड आणि नाव असे दोन स्तंभ ठेवा, नाव जागेवर तोडून ओळींमध्ये पसरवा, प्रत्येक ओळीत एक शब्द. या टेबलाचं नातं ग्राहक मास्टरशी जोडा आणि फक्त या एका नात्याला दोन्ही दिशा द्या, म्हणजे शब्दावरून ग्राहक गाळला जाईल. इथे दुहेरी दिशा चालते, कारण या टेबलातून पुढे आणखी कुठे वाट नाही.

## दोन शब्द उलटसुलट क्रमाने लिहिले तरी सापडावेत, हे जमेल का?

टेक्स्ट फिल्टरमध्ये एका चौकटीतून नाही. तिथे पूर्ण मजकूर सलग शोधला जातो, ‘ट्रेडर्स पाटील’ लिहिलं तर ‘पाटील ट्रेडर्स’ येत नाही. इनपुट स्लायसरमध्ये ‘सर्व शब्द’ ही अट निवडून दोन शब्द वेगळे द्या, किंवा फिल्टर पेनमध्ये दोन अटी ‘अँड’ने जोडा.

## ठरावीक शब्दांची यादी देऊन व्हाउचरचे तपशील गाळायचे आहेत. डॅक्सने कसं करायचं?

‘डिझेल’, ‘भाडे’, ‘हमाली’, ‘बँक शुल्क’ असे शब्द असलेलं एक टेबल आणा आणि त्याचं कशाशीही नातं जोडू नका. त्याच्या स्तंभाचा स्लायसर ठेवा. मग एक मेजर (दर निवडीला नव्याने मोजलं जाणारं सूत्र) लिहा: समोरच्या ओळीतला तपशील सिलेक्टेडव्हॅल्यूने घ्या, निवडलेल्या शब्दांवर फिल्टर फंक्शन फिरवून कन्टेन्सस्ट्रिंगने प्रत्येक शब्द त्यात आहे का पाहा, एकही असेल तर १, नाहीतर ०. हा मेजर तक्त्याच्या व्हिज्युअल पातळीवरच्या फिल्टरमध्ये टाकून ‘१ असेल तर’ अशी अट लावा. पानाच्या पातळीवर मेजर लावता येत नाही. तक्त्यात व्हाउचर क्रमांक आणि तपशील असलेच पाहिजेत, नाहीतर सिलेक्टेडव्हॅल्यू रिकामी येते आणि तक्ता कोरा होतो.

स्लायसरमध्ये काहीच निवडलेलं नसेल तर यादीतले सगळे शब्द निवडल्यासारखे धरले जातात. म्हणून मेजरच्या सुरुवातीला इजफिल्टर्ड तपासा आणि निवड नसेल तर सरळ १ द्या.

कन्टेन्सस्ट्रिंग आणि सर्च ही फंक्शनं लहान-मोठं अक्षर पाहत नाहीत, आणि प्रश्नचिन्ह व तारका यांना ‘कोणतंही एक अक्षर’ आणि ‘काहीही’ असं समजतात. खरंच प्रश्नचिन्ह शोधायचं असेल तर त्याआधी टिल्डे (~) द्या. फाइंड आणि कन्टेन्सस्ट्रिंगएक्झॅक्ट काटेकोर आहेत. सर्चला चौथा अर्ग्युमेंट म्हणून ० द्या. तो नसेल आणि शब्द सापडला नाही तर एरर येते आणि एका ओळीमुळे पूर्ण व्हिज्युअल बंद पडतं.

खर्च लक्षात घ्या: १ लाख ओळी आणि २० शब्द म्हणजे २० लाख तुलना, दर क्लिकला. शब्दांची यादी क्वचितच बदलत असेल तर हे वर्गीकरण पॉवर क्वेरीत एकदाच करून ‘खर्चाचा प्रकार’ असा साधा स्तंभ बनवा. आमच्या मते दहापैकी नऊ वेळा तेच बरोबर असतं.

## काहीच सापडलं नाही तर पान कोरं पडतं. वापरकर्त्याला कसं सांगायचं?

एक मेजर ठेवा: व्यवहाराच्या टेबलातल्या ओळी शून्य असतील तर ‘या शब्दाशी जुळणारी नोंद नाही. कमी अक्षरं टाइप करून पाहा.’ हा मजकूर, नाहीतर रिकामं. तो कार्डमध्ये तक्त्याच्या वर दाखवा. कोरं पान पाहून लोक रिपोर्ट बंद पडला असं समजतात आणि फोन येतो.

## शोध हळू चालतो. कुठे पाहायचं?

परफॉर्मन्स ॲनालायझर उघडा, स्टार्ट रेकॉर्डिंग करा, एक शब्द शोधा आणि कोणत्या व्हिज्युअलला डॅक्स क्वेरीत वेळ जातो ते पाहा. पानावर पंधरा व्हिज्युअल्स असतील तर एका शोधाला पंधरा क्वेऱ्या जातात. शोधाचं पान वेगळं करा: एक चौकट, एक तक्ता, दोन कार्डं.

डायरेक्टक्वेरीत ‘कन्टेन्स’ मूळ डेटाबेसपर्यंत जातं, आणि शब्दाच्या आधी काहीही चालेल अशी अट असल्यामुळे तिथला नेहमीचा इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) कामी येत नाही. पूर्ण टेबल वाचलं जातं. ‘स्टार्ट्स विथ’ला इंडेक्सची मदत मिळू शकते. शोधाचं मास्टर टेबल इम्पोर्ट किंवा ड्युअल (दोन्ही प्रकारे चालणाऱ्या) मोडमध्ये ठेवून व्यवहार डायरेक्टक्वेरीत ठेवणं हा चांगला मधला मार्ग आहे. शिवाय ऑप्शन्समधल्या क्वेरी रिडक्शनमधून अप्लाय बटण चालू करा.

## शोधाच्या चौकटीतून दुसऱ्या शाखेची माहिती बाहेर पडेल का?

रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचा नियम) लावली असेल तर नाही. ती शोधाच्या आधी लागू होते. पण स्लायसर लपवणं, फिल्टर लॉक करणं, स्तंभ नजरेआड करणं ही सुरक्षा नाही. शोधस्तंभात मोबाइल नंबर घातला असेल तर तो डेटात आहेच, आणि ज्याला मॉडेलवर बिल्ड परवानगी (स्वतःचे रिपोर्ट बांधण्याची मुभा) आहे त्याला तो वाचता येतो. गरज नसेल तर शेवटचे चार आकडेच जोडा. शोधायला तेवढे पुरतात.

## काल शोधलेला शब्द आज रिपोर्ट उघडल्यावर तसाच आहे. हे योग्य आहे का?

हो. पॉवर बीआय सर्व्हिस (रिपोर्ट ऑनलाइन पाहायची जागा) प्रत्येक वापरकर्त्याची शेवटची फिल्टरची अवस्था जपून ठेवते. रिपोर्टच्या वरच्या पट्टीतल्या रीसेट बटणाने मूळ अवस्था परत येते. जिथे जुना फिल्टर राहिल्याने चुकीचे आकडे वर जाण्याचा धोका आहे, तिथे फाइल, ऑप्शन्स, रिपोर्ट सेटिंग्ज इथे जाऊन वापरकर्त्यांना फिल्टर जतन करू देऊ नका. पानावर ‘सर्व शोध काढा’ असं बटण हवं असेल तर कोरी अवस्था बुकमार्क करून ते बटणाला जोडा. बुकमार्क करताना चौकट खरोखर रिकामी आहे ना, एंटर दाबून पाहा.

## शोधलेला शब्द लिंकमध्ये घालून पाठवता येतो का?

पूर्ण मूल्य माहीत असेल तर येतो. रिपोर्टच्या पत्त्याच्या शेवटी फिल्टर पॅरामीटर देऊन टेबल, स्तंभ आणि मूल्य लिहायचं. त्यात ‘बरोबर’, ‘यापैकी’, ‘मोठा’, ‘लहान’ अशा अटी चालतात, ‘यात हा मजकूर आहे’ ही चालत नाही. टेबल आणि स्तंभाच्या नावांतली लहान-मोठी अक्षरं तंतोतंत जुळावी लागतात, मूल्याची नाही. म्हणून अशा लिंक ग्राहकाच्या नावावर न बांधता कोडवर बांधा. नाव बदललं तरी व्हॉट्सॲपवर फिरलेली जुनी लिंक चालू राहते.